नादान दोस्त : इमाम गझालींच्या आत्मकथनाचे एक वाचन

धर्म आणि विज्ञान या विषयावर आपल्या समाजात साधारण दोनच प्रकारची भाषणे ऐकू येतात. जलशात वक्ता सांगतो की, विज्ञानाने आज जे शोधले ते सारे आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. परिसंवादातला वक्ता सांगतो की, मुसलमान जोवर धर्म बाजूला ठेवत नाही तोवर त्याला विज्ञान कळायचे नाही. एकीकडे सुभानल्लाहचा गजर होतो, दुसरीकडे टाळ्या पडतात आणि मंडळी घरी जातात. मी कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. सोमवारी सकाळी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहते तेव्हा या दोन्ही भाषणांचा मला काडीचाही उपयोग होत नाही.

उपयोग झाला तो नऊशे वर्षांपूर्वीच्या एका लहानशा पुस्तकाचा. इमाम अबू हामिद गझाली यांचे ‘अल-मुन्किझ मिनद्दलाल’, म्हणजे ‘गुमराहीतून सोडवणारा’. मूळ अरबी; मी ते उर्दू तर्जुम्यात वाचले. भेंडीबाजारातल्या एका दुकानातून दुसरेच पुस्तक घ्यायला गेले होते, ते मिळाले नाही म्हणून हे घेतले. आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरात गझालींचे नाव अदबीने घेतले जाते. ते शाफई मसलकाचे, आपणही शाफई. पण नाव घेणे वेगळे आणि वाचणे वेगळे. वाचले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, हा ‘हुज्जतुल इस्लाम’ आपल्या पुस्तकाची सुरुवात शंकेने करतो.

गझालींचा जन्म १०५८ चा, इराणातल्या तूसचा. १०९१ मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. त्या काळातली याहून मोठी शिक्षकाची जागा कोणती असेल ते सांगता येणार नाही. १०९५ मध्ये त्यांनी ती सोडली. अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते पुन्हा शिकवू लागले, या वेळी निशापूरला. आणि १११० च्या आसपास हे पुस्तक लिहून झालेले होते. ११११ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे हे उतारवयातले मागे वळून पाहणे आहे.

शंकेचा भाग सुरुवातीलाच येतो. गझाली विचारतात, मला खात्रीने काय माहीत आहे? आधी ते इंद्रियांना तपासतात. डोळ्याला सावली जागेवर थांबलेली दिसते, पण तासाभराने पाहिले तर ती सरकलेली असते. तारा डोळ्याला नाण्याएवढा दिसतो, पण भूमिती सिद्ध करते की तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे. मग डोळ्यावर भरवसा कसा ठेवावा? डोळ्याला खोटे ठरवले ते अकलेने. आता अकलेलाही खोटे ठरवणारा कुणी वरचा न्यायाधीश असेल तर? स्वप्नात असताना आपल्याला स्वप्न खरेच वाटते की! जवळजवळ दोन महिने ते या अवस्थेत होते आणि या अवस्थेला ते आजारच म्हणतात. त्यातून ते बाहेर आले ते दलीलबाजीने नव्हे; अल्लाहने छातीत टाकलेल्या एका प्रकाशाने, असे ते सांगतात.

हा भाग मी वर्गात विज्ञान म्हणून शिकवू शकेन. दिसते ते आणि असते ते यांतला फरक हाच तर आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. आणि तो सांगणारा माणूस प्रयोगशाळेतला नाही, मिंबरावरचा आहे.

साहित्य म्हणून पाहिले तर पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग पुढे येतो. १०९५ च्या रजब महिन्यापासून सहा महिने गझालींची घालमेल चालली. नोकरी, मान, शागिर्द एका बाजूला. आणि हे सारे आपण अल्लाहसाठी करतो की नावासाठी, हा सवाल दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यांची वाचा बंद झाली. शागिर्दांचे मन राखण्यासाठी ते एखाद्या दिवशी शिकवायला बसत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले. शिक्षकाच्या जातीला हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्यालाच न पटलेले शिकवत राहिले तर एक दिवस जीभ साथ सोडते, हे कुणीतरी लिहून ठेवले आहे.

आपल्या मुस्लिम मराठी साहित्यात गरिबी आली, दंगल आली, तलाक आला, माध्यमाच्या भाषेचा प्रश्न आला. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हापासून कायद्याचा आणि समाजसुधारणेचा वादही आला. पण श्रद्धावान माणसाच्या आत चालणारी शंका, तिची रात्र आणि तिची सकाळ, मला आपल्या लेखनात फारशी आढळली नाही. शंका घेणारा बाहेर गेला असे आपण धरतो आणि आत राहिलेल्याला शंका नसतेच असे मानतो. गझालींचे पुस्तक या समजुतीला छेद देते.

दोष नाहीत असे नाही. सत्य शोधणाऱ्यांचे गझाली चार गट करतात : कलामवाले, बातिनी, फलसफी आणि सूफी. एकेकाला तपासून बाजूला सारतात आणि सूफींपाशी येऊन थांबतात. माणसाचे आयुष्य इतक्या नेटक्या चार खणांत बसत नसते. पुष्कळदा असे वाटते की मुक्काम आधी ठरला होता आणि रस्ता मागाहून आखला गेला. पण मला ज्या कारणासाठी हे पुस्तक महत्त्वाचे वाटते तो भाग फलसफ्याच्या प्रकरणात आहे, आणि तिथे गझाली एखाद्या चांगल्या शिक्षकासारखे बोलतात.

फलसफ्यांच्या विद्या ते सहा भागांत वाटतात : गणित, तर्क, निसर्गविद्या, इलाहियात, राजनीती आणि नीती. गणितासंबंधी ते स्पष्ट म्हणतात की, यातल्या गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत, धर्माने हो म्हणावे की नाही असा त्यांत सवालच नाही. पण गणितामुळे दोन आफती ओढवतात. पहिली अशी की, गणिताची अचूकता पाहून माणूस भारावतो आणि समजतो, ज्यांचे गणित इतके पक्के त्यांचे अल्लाह, आत्मा, आखिरत यांविषयीचे बोलणेही तितकेच पक्के असणार. तो पुरावा न मागता त्यांच्या मागे जातो. ही आंधळी तकलीदच. फक्त पीर बदलला.

दुसरी आफत इस्लामच्या नादान दोस्ताकडून येते. त्याला वाटते की, धर्माची मदत करायची तर फलसफ्यांचे सारेच नाकारले पाहिजे. म्हणून तो त्यांचे ग्रहणाचे गणितसुद्धा शरीयतच्या विरुद्ध ठरवतो. ज्याला ते गणित कळते तो त्या गणितावर शंका घेत नाही. तो म्हणतो, हा धर्मच अडाणीपणावर उभा दिसतो. दोस्ताने केलेले नुकसान दुश्मनाला जमले नसते. उर्दूत म्हण आहेच की नादान दोस्तापेक्षा दाना दुश्मन बरा.

हीच गोष्ट गझालींनी आधीच्या ‘तहाफुत अल-फलासिफा’च्या प्रस्तावनेतही सांगितली आहे. हे नवलाचे आहे, कारण तो ग्रंथ फलसफ्यांच्या विरोधातच लिहिलेला. वीस मुद्द्यांवर त्यांना कोंडीत पकडण्याआधी गझाली ठरवून सांगतात की, कुठे भांडायचे नाही. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणे. सूर्यग्रहण म्हणजे पाहणारा आणि सूर्य यांच्यामध्ये चंद्र येणे. हे भूमितीने आणि हिशेबाने सिद्ध आहे. ग्रहण कधी लागेल, किती वेळ राहील, हे जाणकार आधी सांगू शकतो. याला धर्माच्या नावाने विरोध करणे हा धर्मावरचा अन्याय.

मग ते हदीसचा मुद्दा घेतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. खगोलगणिताप्रमाणे ती तारीख २७ जानेवारी ६३२ येते. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या बाळासाठी सूर्य काळवंडला. त्या वेळी पैगंबरांना गप्प राहता आले असते. घरात दुःख होते आणि लोक जे बोलत होते त्याने त्यांचा मोठेपणाच वाढत होता. तरी त्यांनी उठून सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण पाहाल तेव्हा नमाज पढा. गझाली विचारतात, यात गणिताच्या विरुद्ध काय आहे? एका रिवायतीत पुढे आणखी एक वाक्य जोडलेले मिळते, ज्याचा अर्थ गणिताशी भिडू शकतो. त्यावर गझाली म्हणतात की, ती भर सही नाही. आणि सही असती तरी पक्क्या सिद्ध गोष्टीशी झगडण्यापेक्षा त्या वाक्याची तावील करणे सोपे होते. धर्माच्या शत्रूला सर्वांत मोठा आनंद कधी होतो? धर्माचा कैवारी उठून अशा सिद्ध गोष्टींना धर्मविरोधी म्हणतो तेव्हा.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाला अर्थ नाही.

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनच्या पुस्तकात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. उर्दूत उत्क्रांतीला इर्तिका म्हणतात. २०१९ च्या पावसाळ्यात मी तो धडा शिकवला. शिकवला म्हणजे वाचून दाखवला. वर्गात कुजबुज झाली, मागच्या बाकावरून माकडाचा विनोद झाला, आणि मी जे वाक्य माझ्या आधीच्या पुष्कळ शिक्षकांनी बोलून ठेवले आहे तेच बोलले : पेपरात लिहा, मार्क घ्या, मनात घेऊ नका. वर्ग हसला. मलाही सुटल्यासारखे वाटले. पालकांची तक्रार नाही, अधिकाऱ्यांची तक्रार नाही, अभ्यासक्रम पूर्ण.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण होते. केरळ, तमिळनाडूच्या काही भागांतून ते कंकणाकृती दिसले. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा बराच मोठा भाग झाकलेला. मी मुलांना अंगणात काढले. ग्रहणाचे चष्मे मोजकेच होते, म्हणून पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून जमिनीवर प्रतिमा पाडली. आंब्याखाली तर काही करावेच लागले नाही. पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे कवडसे सारे चंद्रकोरीसारखे झाले होते. अंगणभर शेकडो हिलाल. मुली ओढणी पसरून त्यावर ते झेलत होत्या. माझ्या स्वतःच्या घरी त्याच वेळी माझी भावजय, सातवा महिना लागलेली, खिडक्या बंद करून पलंगावर सरळ झोपून होती. सुरी धरायची नाही, सुई धरायची नाही, कूस बदलायची नाही; नाहीतर बाळाचा ओठ फाटेल. सांगणारी माझी आईच. ती पाच वेळची नमाजी आहे. इब्राहीमच्या वफातीची हदीस तिने शंभरदा ऐकली असेल. तरी ग्रहणाची भीती तिच्याकडे हदीसमधून नव्हे, आजूबाजूच्या अंगणांतून आली होती आणि दीन म्हणून घरात राहिली होती.

मी मुलांना सावलीचा हिशेब समजावून सांगितला. चंद्र कुठे, पृथ्वी कुठे, गर्भार बाईला त्याचा काहीच त्रास का नाही. मग एक मुलगी, वर्गात बहुधा गप्प असणारी, तिने विचारले, “आपा, हेही पेपरापुरतंच का?”

तिने थट्टा केली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. जुलैमध्ये मीच तिला शिकवले होते की, पुस्तकात एक लिहिलेले असते आणि मनात दुसरे ठेवायचे असते. तिने तो नियम ग्रहणालाही लावून पाहिला. तिची चूक काय? तिच्या घरीही एखादी वहिनी पलंगावर झोपलेली असेल. मी जर म्हणते की विज्ञानाचे पुस्तक मार्कांसाठी असते, तर आज आईपेक्षा पुस्तकावर तिने का विश्वास ठेवावा? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी गझालींचा नादान दोस्त कोण ते मला कळले. इतकी वर्षे मी त्याला जलशातल्या मंचावर शोधत होते.

आजच्या काळात या नादान दोस्ताने वेषही बदलला आहे. तो आता विज्ञान नाकारत नाही, तो ते मिठी मारून घेतो. फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांचे बायबल, कुरआन आणि विज्ञान यांची तुलना करणारे पुस्तक १९७६ मध्ये आले आणि त्यानंतर या धर्तीची पुस्तके, पुस्तिका, भाषणे आणि आता मोबाइलवरच्या चित्रफिती यांना तोटा राहिला नाही. प्रत्येक शोध आयतीत दाखवायचा, ही त्यांची रीत. ही पुस्तके मी लहानपणी आवडीने वाचली आहेत आणि विज्ञानाची गोडी मला काही अंशी त्यांनीच लावली, हे कबूल करते. पण शिक्षक म्हणून त्यांवर माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला : शोध लागल्यावरच तो आयतीत सापडतो, आधी कधी सापडत नाही. खरोखर तिथे विज्ञानाची माहिती असती तर आपल्या मुफस्सिरांनी ती शोधाआधी सांगितली असती. दुसरा : विज्ञान आपला निष्कर्ष बदलते, तो त्याचा गुण आहे. आज ज्या सिद्धांतावर आयत टांगली तो उद्या सुधारला गेला तर काय करायचे? अल्लाहच्या कलामाला आपण विनाकारण जामीन ठेवले, असे होईल. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो : यात प्रयोग, मोजमाप, चूक आणि पुन्हा प्रयत्न यांना जागाच नाही. मुलाला वाटते, उत्तर आपल्याकडे आहेच, दुसऱ्यांनी ते उशिरा शोधले. ज्याला उत्तर आधीच मिळाले आहे तो पुठ्ठ्याला भोक कशाला पाडेल?

गझालींची पहिली आफत इथेच येऊन मिळते. विज्ञानाची इज्जत पाहून भारावणे आणि त्याच्या इज्जतीने धर्माची किंमत ठरवणे. विज्ञानाने शिक्का मारला म्हणून कुरआन खरा, असे म्हणणाऱ्याने कुणाला मोठे मानले?

पण गझालींना इथेच सोडून द्यावे, त्यांच्याशी भांडू नये, असे मला वाटत नाही. ‘तहाफुत’च्या सतराव्या मसल्यात त्यांनी कापूस आणि आगीचे उदाहरण घेतले आहे. कापसाला आग लागली की तो जळतो. पण आगच जाळते हे आपण पाहिलेले नाही, आग लागताना जळणे घडले एवढेच पाहिले आहे. जाळणारा अल्लाह आहे. त्याने ठेवलेल्या रिवाजाप्रमाणे एकामागून एक गोष्ट घडते. युरोपात अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने कार्यकारणाविषयी याच्याशी मिळताजुळता सवाल उभा केला, म्हणून हा विचार हलका समजू नये. गझालींनी स्वतःच आक्षेप घेतला आहे की, असे मानले तर घरी ठेवलेल्या पुस्तकाचा घोडा झाला असेल अशी भीती बाळगावी लागेल. त्याला त्यांचे उत्तर असे की, अल्लाहनेच रिवाज पक्का केला आणि त्या रिवाजाचे ज्ञानही आपल्याला दिले.

कुर्तुब्याचे काझी इब्ने रुश्द (११२६–११९८) यांनी ‘तहाफुत अत-तहाफुत’मध्ये याला जवाब दिला. कारणे नाकारली तर अक्कलच नाकारली, कारण वस्तूला तिच्या कारणासह ओळखणे यालाच अक्कल म्हणतात. मला या वादात इब्ने रुश्द जवळचे वाटतात आणि त्याचे कारण माझ्या वर्गात आहे. ‘अल्लाहची मर्जी’ हे वाक्य गझालींच्या तोंडी असते तेव्हा त्यामागे आयुष्यभराचा विचार असतो. आमच्या मुलाच्या तोंडी तेच वाक्य सवाल बंद करायला येते. धरण का फुटले? अल्लाहची मर्जी. मूल अतिसाराने का गेले? अल्लाहची मर्जी. पाणी कुठले प्यायले होते, हे मग कुणी विचारत नाही.

एक अन्याय मात्र गझालींवर होऊ नये. त्यांच्या ग्रंथाने मुसलमानांचे विज्ञान संपवले, असे परिसंवादात ठोकून दिले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. मराघाची वेधशाळा १२५९ ची, नसीरुद्दीन तूसींची. म्हणजे गझालींच्याच गावच्या माणसाची. फुफ्फुसातून होणारे रक्ताभिसरण सांगणारे इब्ने नफीस १२८८ मध्ये वारले. तेही शाफई फकीह. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजच्या वेळा काढण्याचे काम करणारे इब्ने शातिर १३७५ मध्ये वारले; चंद्राच्या गतीचे त्यांनी मांडलेले गणित पुढे कोपर्निकसच्या मांडणीत जसेच्या तसे दिसते. समरकंदची उलुग बेगची वेधशाळा पंधराव्या शतकातली. इतक्या मोठ्या परंपरेच्या ओहोटीचा गुन्हा एका पुस्तकावर लादणे हे आळसाचे काम आहे.

माझी खरी तक्रार दोघांवर मिळून आहे. इब्ने रुश्द ‘फस्लुल मकाल’मध्ये सांगतात की, सत्य सत्याच्या विरोधात जात नाही, सिद्ध गोष्ट आणि आयतीचा वरवरचा अर्थ भिडले तर तावील करावी. यापेक्षा चांगला पाया कोणता? पण लगेच ते बजावतात की, ही तावील आम लोकांना सांगू नये. गझालीही म्हणतात की, ज्याला पोहता येत नाही त्याला किनाऱ्यापासून दूर ठेवा. दोघांचे भांडण कितीही मोठे असो, दार लावून घ्यायच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे. त्यांच्या काळी ते शहाणपण असेल. पुढे ११९५ मध्ये इब्ने रुश्दना स्वतःला हद्दपार व्हावे लागले, त्यांचे ग्रंथ जाळले गेले. तेव्हा आम लोकांत त्यांच्या बाजूने बोलणारा कितीसा असणार? त्यांना काही सांगितलेलेच नव्हते. मी ज्यांना शिकवते ती सारी आम लोकांचीच मुले आहेत. मासळी विकणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, आखातात मजुरी करणाऱ्यांची. त्यांच्यासाठी दार बंद ठेवायचे तर मला पगार कशाचा मिळतो?

सत्य जाणून लोकांसाठी वेगळे बोलणे हा रोग फक्त आपल्या घरचा नाही. अल-बिरूनींनी १०३० च्या सुमारास हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला, त्यात ग्रहणावर एक प्रकरण आहे. ब्रह्मगुप्तांचा सिद्धांत ६२८ चा. ग्रहणाचे गणित त्यांना पुरते ठाऊक होते, तरी राहूच्या कथेची बाजू घेऊन त्यांनी ती नाकारणाऱ्यांना फटकारले. बिरूनींना याचे दुःख होते. इतका मोठा गणिती असे का बोलला? सॉक्रेटिसवर आली तशी आफत आपल्यावर येईल या भीतीने बोलला असावा, असा ते अंदाज करतात. परक्या विद्वानाविषयी इतक्या समजुतीने लिहिणारा बिरूनींसारखा माणूस विरळा. त्या पानावर मला ब्रह्मगुप्तांच्या जागी मी दिसले. पेपरात लिहा, मनात घेऊ नका. याहून वेगळे ते काय होते?

भीतीतून बाहेर पडता येते याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८४८ मध्ये पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करणारी पुस्तिका उर्दूत लिहिली होती. त्याच माणसाने १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली आणि १८७५ मध्ये अलीगढचे शिक्षण सुरू केले. अल्लाहचे काम म्हणजे सृष्टी आणि अल्लाहचे कलाम म्हणजे कुरआन, या दोहोंत विरोध असू शकत नाही, हे त्यांचे तत्त्व. त्यांची तफसीर मला जागोजागी ओढूनताणून केलेली वाटते. प्रत्येक मोजिज्याला नैसर्गिक कारण चिकटवण्याची त्यांना घाई होती, आणि ती घाई आजच्या पुस्तिकावाल्यांच्या घाईपेक्षा फार वेगळी नाही. पण आपले छापलेले मत चूक होते हे पत्करून पुढे जाण्याची हिंमत त्यांच्याकडे होती. धर्माच्या माणसाने हे करून दाखवले, म्हणून त्याचे मोल जास्त.

आणि खरे तर आपण रोज हिशेबावर विश्वास ठेवतोच. मशिदीच्या भिंतीवर वर्षभराचे नमाजच्या वेळांचे तक्ते लावलेले असतात. जुहरसाठी आता कुणी काठी रोवून सावली मोजत नाही. सूर्याचे गणित करून काढलेल्या मिनिटावर अजान होते आणि त्याने कुणाचे ईमान डळमळत नाही. चंद्राच्या बाबतीत मात्र दरवर्षी ईदच्या आदल्या रात्री आपण भांडतो. इजिप्तचे मुहद्दिस अहमद मुहम्मद शाकिर यांनी १९३९ मध्येच गणिताच्या बाजूने रिसाला लिहिला होता. डोळ्याने चाँद पाहण्यात जी सामुदायिक खुशी आहे ती मलाही प्यारी आहे. गच्चीवर चढायला मी आजही पहिली असते. पण जो सूर्याला लावला तो न्याय चंद्राला का नाही, याचे उत्तर फिक्हमधून द्यावे. गणित बेभरवशाचे आहे असे सांगून देऊ नये.

ग्रहण सोपे आहे, उत्क्रांती अवघड आहे, हे मला माहीत आहे. आदम (अ.) यांच्या पैदाइशीचा प्रश्न राहूच्या कथेसारखा बाजूला सारता येत नाही, तो आपल्या अकीद्याच्या आतला आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. जीवाश्म, अवयवांतले साम्य, आनुवंशिक द्रव्यातले साम्य हे पुरावे खरे आहेत आणि जगभरचे जीवशास्त्र त्यांवर उभे आहे. कुरआन अल्लाहचे कलाम आहे हेही माझ्यासाठी खरे आहे. दोन्हींमधला सांधा कुठे जुळतो, ते आलिमांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून शोधावे, आणि तोवर मला न जुळलेला सांधा जुळलेला आहे असे दाखवू नये.

आता मी तो धडा वेगळा शिकवते. पुरावे फळ्यावर मांडते, एकेक तपासायला लावते. माकडाचा विनोद झाला तर थांबते आणि धड्यात खरोखर काय म्हटले आहे ते पुन्हा वाचायला लावते. आजची माकडे आपले पूर्वज आहेत असे तिथे कुठेच नाही. कुणी विचारले की, आपा, मग आदम अलैहिस्सलाम? तर सांगते की, हा मोठा सवाल आहे, यावर मोठमोठ्या लोकांत मतभेद आहेत, मी स्वतः अजून विचार करते आहे. तुम्ही शिका, दोन्ही नीट शिका, घाईने कशालाच नाकारू नका. पहिल्या वर्षी हे बोलताना माझा आवाज कापला होता. एका पालकांनी येऊन विचारपूसही केली. मी त्यांच्यापुढे गझालींचे पुस्तक ठेवले. त्यांनी ते नेले आणि अजून परत केलेले नाही. वाचत असतील असे मी समजते.

गझालींच्या पुस्तकाने मला श्रद्धा आणि विज्ञान यांचा हिशेब सोडवून दिला नाही. त्याने एवढेच दाखवले की, ज्याच्या ईमानावर कुणी शंका घेणार नाही असा माणूस सिद्ध गोष्टीपुढे मान तुकवतो आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही. आणि न पटलेले शिकवण्याची किंमत मात्र त्याला जिभेने मोजावी लागते. बाकीचे आपण करायचे आहे.

भावजयीचा मुलगा मार्च २०२० मध्ये झाला. ओठ धड, नाक धड, आवाज मोठा. आई म्हणाली, पाहिलंस, नीट झोपवून ठेवली म्हणून. मी हसले नाही. जिला खिडकी बंद करता आली नाही, जी त्या दिवशी बाजारात मासळी कापत बसली होती, अशा शेजारणीच्या नुकत्याच झालेल्या मुलीला मी उचलून आणले आणि दोघांना एका गोधडीवर शेजारी निजवले. आईने दोघांचे ओठ पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “माशाल्लाह.” आणि खिडकी उघडली.